बोट बुडवायचा हक्क कुणाचा?

रत्नागिरीला जाऊन आलेल्या माणसाच्या फोनमध्ये थिबा पॅलेसचा एक तरी फोटो असतोच. उतरती छपरं, लांब व्हरांडे, आणि खाली ठरलेली कॅप्शन : ब्रह्मदेशचा शेवटचा राजा, मायभूमीपासून दूर, एकाकी. रील असेल तर मागे रंगूनचं ते जुनं हिंदी गाणं. बघणारा दोन सेकंद हळहळतो आणि पुढच्या रीलकडे जातो.

या गोष्टीतला एक तपशील मात्र मी आजवर कुठल्याच कॅप्शनमध्ये वाचलेला नाही. थिबा मंडालेहून बाहेर पडला कसा?

आगबोटीने. २९ नोव्हेंबर १८८५ रोजी इंग्रजांनी त्याला राणीसकट इरावतीच्या काठावर आणलं आणि 'थुरिया' नावाच्या बोटीत बसवलं. थुरिया म्हणजे सूर्य. ही बोट आरमाराची नव्हती. एरवी उतारू आणि माल वाहणाऱ्या इरावती फ्लोटिला कंपनीची होती. तिने राजाला रंगूनकडे नेलं. तिथून समुद्रमार्गे तो मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आला. तीस वर्षांनी, १९१६ मध्ये, इथेच वारला.

मला या लेखात त्या बोटींशी भांडायचं आहे. खरं तर त्या बोटींच्या नावाने उसासे टाकणाऱ्यांशी.

उसाशांचा धंदा

इंटरनेटवर इरावतीच्या आगबोटी शोधा. सेपिया रंगातले फोटो मिळतील. दोन्ही बाजूंना पाणचक्कीसारखी प्रचंड चाकं, वरच्या डेकवर पांढऱ्या कपड्यांतले साहेब, काठावर सोनेरी पॅगोडे. खालचा मजकूर थोड्याफार फरकाने एकच असतो : जगातला सर्वांत मोठा खासगी नदीताफा, एक हरवलेलं जग, काळाच्या ओघात लोपलेली शान. १९९० च्या दशकात त्याच कंपनीचं जुनं नाव घेऊन इरावतीवर पर्यटकांसाठी क्रूझही सुरू झाल्या. सागवानी केबिन, पितळी कड्या, संध्याकाळी डेकवर पेय. हरवलेलं जग दिवसाच्या भाड्याने मिळू लागलं.

या रम्यतेचा पाया किती पोकळ आहे याचं एक उदाहरण. मंडाले, पॅगोडे आणि चाकांच्या आगबोटी हे चित्र इंग्रजी वाचणाऱ्या जगाच्या डोक्यात पक्कं बसवलं ते रुडयार्ड किपलिंगच्या 'मंडाले' या कवितेने. किपलिंग १८८९ मध्ये ब्रह्मदेशात मोजून काही दिवस होता. रंगून आणि मौलमीन बघून तो पुढे गेला. मंडालेला त्याने कधी पाऊल ठेवलं नाही. म्हणजे न पाहिलेल्या गावाबद्दलची हुरहूर, तीही राज्य बुडवणाऱ्यांच्या बाजूने लिहिलेली, आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी आपण ती आपलीच आठवण असल्यासारखी शेअर करतो.

'काळाच्या ओघात' हा शब्दप्रयोग तर मला सर्वांत जास्त खटकतो. काळाच्या ओघात काहीच लोपत नाही. कुणीतरी ठरवतं, कुणीतरी पैसे घालतं, कुणीतरी काढून घेतं. इरावतीवर आगबोट आली तेही ठरवून, आणि संपली तीही ठरवून. फक्त ठरवणाऱ्यांत नदीकाठचा एकही माणूस नव्हता.

आधी तोफ, मग तिकीट

इरावती सुमारे २१७० किलोमीटर लांब. उत्तरेच्या डोंगरांत दोन नद्यांच्या संगमातून निघते आणि देशाच्या मधोमध वाहत दक्षिणेच्या त्रिभुज प्रदेशात फुटते. समुद्रापासून भामोपर्यंत, म्हणजे जवळजवळ चौदाशे किलोमीटर, ती जहाजं चालवण्याजोगी आहे. ब्रह्मदेशचा हमरस्ता तीच. राजाचा सारा, धान्य, मीठ, भिक्षू, फौजा, सगळं तिच्यावरून जायचं.

या हमरस्त्यावर वाफेचं इंजिन आलं ते उतारू घ्यायला नव्हे. १८२३ मध्ये कलकत्त्याजवळ खिदिरपूरला 'डायना' नावाची छोटी आगबोट पाण्यात उतरली. दुसऱ्याच वर्षी पहिलं इंग्रज-ब्रह्मी युद्ध सुरू झालं आणि डायना तिकडे गेली. ब्रह्मी सैन्याच्या लांब युद्धनौका वल्ह्यांवर चालत. त्यांचा वेग चांगला होता, पण वल्हवणारी माणसं दमत. डायना दमत नसे. वारा नसला तरी चाले, प्रवाहाविरुद्ध चाले आणि इंग्रजांची शिडाची जहाजं दोराने ओढून नदीतून वर नेई. १८२६ च्या यांदाबोच्या तहात ब्रह्मदेशाने आराकान आणि तेनासरीम गमावले. १८५२ च्या दुसऱ्या युद्धात रंगूनसकट खालचा प्रदेश गेला.

त्यानंतर सरकारकडे नदीवरच्या काही आगबोटी उरल्या होत्या. त्या खासगी व्यापाऱ्यांना विकल्या गेल्या आणि १८६५ मध्ये ग्लासगोत इरावती फ्लोटिला कंपनी उभी राहिली. हा क्रम लक्षात ठेवा. आधी युद्धाची बोट, मग तिकिटाची. कंपनी १८६८ मध्ये मंडालेपर्यंत पोचली, १८६९ मध्ये भामोपर्यंत. मंडाले तेव्हा स्वतंत्र राज्याची राजधानी होती. मिंडॉन राजाला धोका कळत होता. त्याने स्वतःच्याही आगबोटी विकत घेतल्या. पण नदीचं तोंड इंग्रजांच्या ताब्यात होतं. ज्याचं दार दुसऱ्याच्या हातात, त्याने घरात कितीही गाड्या ठेवल्या तरी काय उपयोग?

बॉम्बे नावाची कंपनी

आता आपल्याकडे वळू, कारण इथून पुढची गोष्ट सांगताना आपण हमखास खाली बघतो.

१८८५ च्या युद्धाचं निमित्त होतं सागवान. वरच्या ब्रह्मदेशातल्या जंगलांचं कंत्राट एका कंपनीकडे होतं. ठरल्यापेक्षा जास्त ओंडके बाहेर नेले असा ठपका ठेवून थिबाच्या सरकारने तिला जबर दंड ठोठावला. इंग्रजांनी तो दंड हा निर्वाणीचा खलिता पाठवायला पुरेसा बहाणा मानला. खरं कारण फ्रेंचांची वाढती जवळीक आणि वरच्या प्रदेशाचा व्यापार. पण कागदावर कारण ओंडक्यांचं. त्या कंपनीचं नाव बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन.

ती तेव्हा स्कॉटिश वॉलेस बंधूंची होती. आज ती वाडिया समूहात आहे आणि तिचा मोठा हिस्सा ब्रिटानियात आहे. सकाळच्या चहात बुडणारं बिस्किट आणि थिबाचं राज्य बुडवणारे ओंडके यांच्यामध्ये कंपनीच्या नावाचा एक सलग धागा आहे. आजच्या मालकांवर १८८५ चा दोष टाकण्यासाठी मी हे सांगत नाही, तो त्यांचा नाही. सांगतो एवढ्यासाठी, की ही गोष्ट 'तिकडची' नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर जनरल प्रेंडरगास्टची फौज निघाली. साधारण नऊ हजार लढवय्ये आणि ६७ तोफा. पन्नासहून अधिक आगबोटी, बार्जेस आणि लाँचेस. फ्लोटिला कंपनीने आपला ताफा दिला होता. काल तांदूळ वाहणाऱ्या फ्लॅटवर आज तोफा. दोन आठवड्यांत मंडाले पडलं. आणि त्या नऊ हजारांत बहुसंख्य शिपाई गोरे नव्हते, हिंदी होते.

त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. तिथे वरच्या ब्रह्मदेशाच्या विलीनीकरणाला नापसंती दाखवणारा ठराव झाला, हे शाळेच्या पुस्तकात असायला हवं होतं. पण ठरावाचा दुसरा भागही वाचायला हवा. विलीन करणारच असाल, तर सगळा ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा ठेवा, असं त्यात म्हटलं होतं. स्वारीचा आणि बंदोबस्ताचा खर्च हिंदी तिजोरीवर पडणार, ही भीती त्यामागे होती आणि ती रास्त होती. तरीही खरं बोलायचं तर आपला निम्मा आक्षेप अन्यायाला होता आणि निम्मा बिलाला. १ जानेवारी १८८६ रोजी विलीनीकरण जाहीर झालं. पुढे १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हिंदुस्थानचा भाग म्हणून चालवला गेला.

मंडाले म्हटलं की आपल्याला टिळकांचा तुरुंग आठवतो. आठवायलाच हवा. पण त्या शहराच्या आठवणीत आपण फक्त कैदी म्हणून नाही. तिथे पहिल्यांदा बोटीतून उतरलो तेव्हा आपल्या हातात बंदूक होती.

'पण लोकांचा फायदा झाला ना?'

हा प्रश्न येणारच, आणि तो खोटा नाही. त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

भरभराटीच्या काळात, म्हणजे १९२० च्या दशकात, कंपनीकडे सहाशेच्या वर लहानमोठी जहाजं होती आणि वर्षाला नव्वद लाखांच्या आसपास उतारू त्यांतून जात. मोठ्या बोटी सव्वातीनशे फूट लांब. स्कॉटलंडमध्ये बांधायच्या, सुटे भाग करून आणायच्या आणि रंगूनसमोर दल्ला गोदीत पुन्हा जोडायच्या. साहेबासाठी केबिन, बाकीच्यांसाठी उघडा डेक. ज्याने त्याने आपली चटई पसरायची. काही बोटी तर चालता बाजार होत्या. व्यापारी डेकवरची जागा भाड्याने घेऊन दुकान थाटत आणि गावोगावचे लोक बोट धक्क्याला लागली की कापड, भांडी, सुकी मासळी घ्यायला चढत. ज्या गावांना रस्ता नव्हता तिथे डॉक्टर, टपाल, नवरीकडचं वऱ्हाड, सगळं या बोटींनीच नेलं.

रेल्वेने आगबोट मारली हे इतर नद्यांबाबत सांगितलं जाणारं कारणही इथे लागू पडत नाही. रंगून ते प्रोम रेल्वे १८७७ मध्ये आली, मंडालेला १८८९ मध्ये. तरी बोटी वाढतच राहिल्या, कारण रूळ नदीला समांतर होते आणि नदी ओलांडायला पूलच नव्हता. आवाचा पूल १९३४ मध्ये झाला आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत इरावतीवर तो एकटाच होता. आगबोट जुनी झाली नव्हती, नकोशी झाली नव्हती. ती भरून चालली होती.

मग ती चालवत कोण होतं? मोठ्या बोटींवर कप्तान स्कॉटिश. खाली इंजिनाच्या धगीत, दोराशी आणि सुकाणूवर चितगावचे खलाशी. लहान बोटींवर सारंग म्हणून पूर्ण जबाबदारीही त्यांच्याकडे असे. इरावतीचं पात्र दर पावसाळ्यात बदलतं. काल जिथे खोल पाणी होतं तिथे आज वाळूचा पट्टा असतो. हे वाचणारे डोळे त्या माणसांचे. कंपनीच्या कौतुकाच्या पुस्तकांत जहाजांची नावं, लांबी, बांधणीचं साल सगळं मिळतं. या माणसांची नावं शोधा.

म्हणजे प्रवासी ब्रह्मी, खलाशी बंगाली, धक्क्यावरचा हमाल तेलुगू किंवा ओडिया, आणि मालक ग्लासगोत. वापर नव्वद लाखांचा, निर्णय मूठभरांचा. हे तुम्हाला ओळखीचं वाटत असेल. रोज उठून वापरतो, ज्याच्यावर पोट चालतं, गिऱ्हाईक येतं, मित्र भेटतात, असं एखादं ॲप एका सकाळी मालकाने बंद केलं की आपण काय करतो? स्क्रीनशॉट टाकतो. फायदा झाला होता हे खरंच असतं. पण फायदा मिळणं आणि हक्क असणं यात फरक आहे, आणि तो फरक बंद होण्याच्या दिवशी कळतो.

इरावतीवर तो दिवस १९४२ मध्ये आला.

भोकं पाडलेली बोट, पायी निघालेली माणसं

८ मार्च १९४२ रोजी रंगून जपान्यांच्या हाती पडलं. कंपनीच्या बोटी सैन्य, जखमी आणि निर्वासित घेऊन नदीतून वर सरकत राहिल्या. या आठवड्यांत त्यांनी अनेकांचे जीव वाचवले आणि खलाशांनी बॉम्बखाली काम केलं, हे नोंदवायलाच हवं. पण एप्रिलच्या अखेरीस मंडालेही जाणार हे स्पष्ट झालं. शत्रूच्या हाती काही लागू द्यायचं नाही असा हुकूम होता. कंपनीच्या माणसांनी आपल्याच बोटींच्या तळांना बंदुकीच्या गोळ्यांनी भोकं पाडली. एकट्या मंडालेच्या आसपास शंभरेक जहाजं बुडवली गेली. युद्ध संपेपर्यंत ताफ्यातला फार मोठा भाग नदीच्या तळाशी होता.

लष्करी दृष्टीने यात चूक काढता येणार नाही. जपान्यांना सहाशे बोटींचा ताफा आयता मिळाला असता. माझा मुद्दा वेगळा आहे. पंचाहत्तर वर्षं ज्या नदीकाठाने या बोटींना तिकिटाचे पैसे दिले, त्याला कुणी विचारलं का? विचारायची पद्धतच नव्हती. युद्ध दोन साम्राज्यांचं, बोटी एका कंपनीच्या, आणि सकाळी उठून धक्क्यावर आलेल्या बाईसमोर नुसतं पाणी.

आणि त्याच वेळी ब्रह्मदेशातले हिंदी लोक पायी निघाले होते. गोदीतले हमाल, कारकून, शिंपी, न्हावी, सफाई कामगार. चार-पाच लाख माणसं आराकानच्या खिंडीतून, चिंदविन ओलांडून, तामूवरून मणिपूरकडे चालत आली. वाटेत पटकी, भूक आणि मेचा पाऊस. हजारो वाटेतच मेली. गोऱ्यांसाठी सोयीची वाट आणि काळ्यांसाठी वेगळी, ही तक्रार तेव्हाच जाहीरपणे झाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ हिंदी लोकांचं खातं त्या वेळी यवतमाळच्या लोकनायक बापूजी अण्यांकडे होतं. आपला माणूस खात्यावर होता आणि आपली माणसं रस्त्यावर होती.

५७ वर्षांपूर्वी हिंदी शिपायांना वर न्यायला पन्नासहून अधिक बोटी जमल्या होत्या. परत येताना हिंदी मजुराच्या वाट्याला पायवाट आली. साम्राज्याची सेवा केली की साम्राज्य आपलं होतं असा ज्यांचा समज होता, त्यांना याहून सरळ उत्तर मिळालं नसतं.

युद्धानंतर कंपनीने काही बोटी पुन्हा बांधल्या. १९४८ मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाने तिचं राष्ट्रीयीकरण केलं. पण मालक बदलला म्हणून हक्क बदलला नाही. पुढची बरीच वर्षं यादवीत आणि लष्करी राजवटीत गेली. २०२१ च्या फेब्रुवारीत लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली आणि सैन्य, रसद घेऊन इरावती-चिंदविनवरून जाणारे ताफे बातम्यांत दिसू लागले. डायनाने दाखवलेली वाट दोनशे वर्षं तशीच वापरात आहे. आवाचा तो एकेकाळचा एकुलता पूल २८ मार्च २०२५ च्या भूकंपात कोसळला.

आता आपली पाळी

हे सगळं जुनं म्हणून सोडून देता आलं असतं. पण सध्या ब्रह्मदेशातल्या एका नदीवर बोटी नेण्याची योजना आपलीच आहे.

कलादान प्रकल्प. २००८ मध्ये करार झाला. कोलकात्याहून समुद्रमार्गे सित्वे बंदर, तिथून कलादान नदीतून बार्जने पलेत्वा, आणि पुढे रस्त्याने मिझोराम. सित्वे बंदर भारताने बांधलं आणि मे २०२३ मध्ये तिथे कोलकात्याहून पहिला माल पोचला. जानेवारी २०२४ मध्ये पलेत्वा आराकान आर्मीने म्यानमारच्या लष्कराकडून जिंकून घेतलं. ईशान्य भारताला समुद्राकडे दुसरी वाट हवी, ही गरज खरी आहे. पण कलादानच्या काठावर राहणाऱ्या चिन आणि राखाइन माणसांसाठी या बोटी काय असणार आहेत? त्यांच्या गावाला थांबणार, की नुसत्या समोरून जाणार? भाडं, थांबे, पात्रातला गाळ उपसणं, यांत त्यांचं मत कुठल्या कागदावर घेतलं जाणार? बातम्यांत मला 'सामरिक महत्त्व' हे शब्द भरपूर सापडतात. ग्लासगोतल्या संचालकांनाही असेच शब्द आवडले असते.

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले. त्यांत आपल्या कोकणातल्या खाड्याही आहेत. तिथेही हाच प्रश्न विचारायचा आहे. बोट येईल का, किती वेगाने येईल, हे विचारून झालं की शेवटचा प्रश्न विसरू नका : ती बंद करायची कळ कुणाच्या हातात असेल?

आगबोटींचे फोटो बघू नका असं मी म्हणत नाही. त्या सुंदर होत्या आणि त्या बांधणाऱ्या, चालवणाऱ्या हातांत कसब होतं. फक्त पुढच्या वेळी थिबा पॅलेससमोर फोन काढलात की कॅप्शन थोडी लांब लिहा. एकाकी राजा इतकंच नको. त्याला इथवर आणलं ते बॉम्बे नावाच्या कंपनीच्या ओंडक्यांनी, ग्लासगोच्या कंपनीच्या बोटींनी आणि हिंदी शिपायांच्या बंदुकांनी, हेही लिहा. हळहळायला दोन सेकंद कमी पडतील. पडू देत.